मनपाची शाळा की खासगी? मुलीच्या पहिलीसाठी अनुभव हवेत (नागपूर)

मानेवाड्याची_पूर्वा
नमस्कार मंडळी. आमची मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. दिवाळीपासून घरात हाच विषय आहे आणि जो येतो तो आपलं मत देऊन जातो, म्हणून इथे विचारते.

आम्ही मानेवाड्याला राहतो. नवरा बुटीबोरीच्या एमआयडीसीत, मी घरून हिशेबाची कामं करते. सध्या ती जवळच्या खासगी केजीत आहे. समोर तीन पर्याय आहेत:

बेसा रोडकडची एक सीबीएसई शाळा. फी वर्षाला ६४ हजार, व्हॅनचे महिन्याला १८००, पुस्तकं-गणवेश शाळा सांगेल त्याच दुकानातून.

महालातली एक जुनी अनुदानित शाळा, मराठी आणि सेमी-इंग्रजी. शाळेचं नाव चांगलं, पण घरापासून लांब.

आणि घरापासून चालत जाता येईल अशी महापालिकेची मराठी शाळा. ही पाहून आले. पहिलीच्या बाई मुलांना व्हरांड्यात बसवून चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करायला लावत होत्या, आणि प्रत्येक मूल काहीतरी करत होतं. मला ते फार आवडलं. पण घरी सांगितल्यावर सासूबाई गप्पच झाल्या, आणि नवरा म्हणाला, "आपल्याला परवडतं तर मनपात का?"

मातृभाषेतून शिकणं चांगलं, हे मला पटलेलं आहे, ते पटवू नका. फी भरणं शक्य असूनही मनपा किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत मूल घातलेलं कोणी इथे आहे का? पुढे काय झालं, ते सांगा.

अजनीवाला
ताई, ऐपत आहे तर मनपात काऊन टाकता? भाऊ बरोबर म्हणून राहिले. प्रयोग स्वतःवर करा, पोरीवर नको बाप्पा.

कडुनिंब
आहे. मुलगा हिंगणा तालुक्यातल्या जि.प. शाळेत होता, पहिली ते चौथी. आम्ही दोघंही नोकरी करणारे, खासगी शाळा परवडत होती.

पहिली-दुसरी इतकी सुंदर गेली की आजही त्या गुरुजींचं नाव घरात रोज निघतं. दुसरीच्या दिवाळीपर्यंत मुलगा दिसेल ते वाचायला लागला. दुकानाच्या पाट्या, एसटीचे बोर्ड, आईच्या पोथ्या, काही सोडत नव्हता. गुणाकार त्याला पाठ करायच्या आधी कळला होता.

मग गुरुजींची बदली झाली. नवीन शिक्षक यायला बराच वेळ गेला आणि तोवर एका बाईंनी तिसरी-चौथी एकत्र सांभाळली. बाई चांगल्या होत्या, पण त्यांना कधी निवडणुकीचं काम, कधी सर्वेक्षण, कधी माहिती भरणं. त्या वर्षी घरी आम्हीच शिकवलं. पाचवीला अनुदानित शाळेत घातलं. इंग्रजीत सुरुवातीला मागे होता, सहामाहीनंतर सावरला. आता आठवीत आहे, ठीक चाललंय.

म्हणून पूर्वाताई, चिंचोके मोजायला लावणाऱ्या बाई बघून आलात ते उत्तम केलंत. आता हे विचारा की त्या बाईंना तिथे किती वर्षं झालीत, आणि मंजूर पदांपैकी किती भरलेली आहेत.

रोहिणी_धंतोली
माझी दोन्ही मुलं इंग्रजी माध्यमात आहेत आणि मी समाधानी आहे, हे आधीच सांगते. पण नागपूरकरांना एक गोष्ट कळायला हवी. इंग्रजी माध्यम म्हणून आपण पैसे भरतो आणि मधल्या सुट्टीत मुलं बोलतात हिंदी. वर्गात इंग्रजी, मैदानावर हिंदी, घरी मराठी. माझी मोठी तिसरीपर्यंत तिन्हींत अर्धं-अर्धं बोलायची. पुढे तिन्ही भाषा छान आल्या, पण त्यासाठी मी रोज संध्याकाळी बसत होते. इंग्रजी शाळेत घातलं की इंग्रजी आपोआप येतं, हे गृहीत धरू नका. घरी वेळ देणारं माणूस लागतंच.

निळी_पहाट
थोडं परखड लिहिते, कारण हा विषय माझ्या जवळचा आहे.

माझे वडील इंदोऱ्यातल्या मनपा शाळेत शिकले, मीही मनपातच शिकले. शिक्षक जीव ओतून शिकवायचे, त्यांच्यामुळेच मी उभी आहे. पण अकरावीला सायन्सला गेले आणि पहिल्या दिवशी फळ्यावरचं सगळं इंग्रजीत. बुद्धी होती, शब्द नव्हते. त्या वर्गात मागच्या बाकावर कोण बसले होते आणि पुढच्या बाकावर कोण, ते मी अजून विसरलेले नाही.

मराठी शाळा वाचवा म्हणणारे बरेच जण आपली मुलं कॉन्व्हेंटला घालतात आणि मराठी वाचवायची जबाबदारी आमच्या वस्त्यांवर टाकतात. आमच्या मुलांना इंग्रजी पाहिजे. बाबासाहेब इंग्रजीत शिकले, इंग्रजीत लिहिलं, म्हणून जगाला त्यांचं ऐकावं लागलं. दीक्षाभूमीवर येणाऱ्या कोणत्याही आईला विचारा, ती मुलाला इंग्रजी शाळेतच घालायचं म्हणेल, आणि ते दिखाव्यासाठी नाही.

पूर्वाताई, तुमच्या घरी शिकलेले आईवडील आहेत. तुमची मुलगी कुठेही वाचायला शिकेल. ज्यांच्या घरी कोणी नाही त्यांच्यासाठी शाळा हाच एक दरवाजा असतो. म्हणून मनपाची शाळा चांगली असली पाहिजे, आणि तिथे इंग्रजीही चांगलं शिकवलं पाहिजे. महापालिकेने आकांक्षा फाउंडेशनबरोबर इंग्रजी माध्यमाच्या शाळा काढल्या आहेत. आमच्या नात्यातली एक मुलगी तिथे जाते आणि खुशीत जाते. मनपा म्हणजे मराठी आणि इंग्रजी म्हणजे खासगी, ही वाटणीच चुकीची आहे.

अजनीवाला
हे पटलं ताई. मनपाची इंग्रजी शाळा जवळ असती तर मीही विचार केला असता.

आकडेमोड
थोडे आकडे देतो, मग आपापलं बघा.

'असर' (मुलांचं वाचन-गणित तपासणारी देशव्यापी पाहणी) २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. २०२२ मध्ये हेच प्रमाण १६.३ टक्के होतं. सुधारणा आहे, पण चारातली तीन मुलं अजून बाहेरच. खासगी शाळांचं प्रमाण जास्त आहे, तरी तेही निम्म्याच्या बरंच खाली.

आता हा फरक शाळेचा की घराचा? आंध्र प्रदेशात २००८ पासून चार वर्षं एक प्रयोग झाला. १८० गावांत सरकारी शाळेतल्या काही मुलांना लॉटरीने खासगी शाळेची फी दिली आणि लॉटरी न लागलेल्या मुलांशी त्यांची तुलना केली. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी तो २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. तेलुगू आणि गणितात दोन्ही गट सारखेच निघाले. खासगीतली मुलं हिंदीत पुढे होती, कारण सरकारी शाळेत तिथे प्राथमिकला हिंदी शिकवतच नव्हते. मात्र खासगी शाळांनी तेलुगू-गणिताला वेळ कमी देऊन तेवढंच साधलं होतं, आणि एका मुलामागचा त्यांचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता.

म्हणजे खासगीत जास्त हुशार मुलं दिसतात, त्यात घराचा वाटा मोठा आहे.

रोहिणी_धंतोली
पण आकडेमोड, त्या गावांतल्या कमी फीच्या शाळा. बेसा रोडच्या ६४ हजारवाल्या शाळेला ते कसं लावायचं? तिथे वाचनालय आहे, मैदान आहे.

आकडेमोड
बरोबर, थेट लावता येत नाही. पण मग ६४ हजारांत काय मिळतं ते त्याच बारकाईने तपासा. मैदान आहे, पण पहिलीला आठवड्यातून किती तासिका तिथे सोडतात? वाचनालय आहे, पण पुस्तक घरी देतात का?

सीताफळ
खासगी शाळेत शिकवते, म्हणून आतलं सांगते. माझी शाळा वाईट नाही, मुलांवर आमचा जीव आहे. पण आमच्याकडे प्राथमिकच्या शिक्षिकांचा पगार इतका कमी आहे की सरकारी भरती निघाली की निम्म्या जणी अभ्यासाला लागतात. मागच्या वर्षी पहिलीच्या एका तुकडीला तीन वर्गशिक्षिका झाल्या. मुलं लहान असतात हो, रडतात. पालकसभेत हे कोणी विचारत नाही. विचारतात ते वार्षिक समारंभाच्या ड्रेसचं.

तिकडे जाल तेव्हा एवढंच विचारा, "पहिलीला गेल्या वर्षी ज्या मॅडम होत्या त्या अजून आहेत का?"

आणखी एक. 'सीबीएसई पॅटर्न' असा बोर्ड म्हणजे सीबीएसईची संलग्नता नव्हे. सीबीएसईच्या 'सारस' पोर्टलवर संलग्न शाळांची यादी आहे, त्यात नाव बघा. आणि कोणतीही शाळा असो, तिचा ११ अंकी यू-डायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक) मागा. त्यावरून पट (नाव घातलेल्या मुलांची संख्या) आणि शिक्षकसंख्या ऑनलाइन दिसते.

ऑरेंजसिटी_बाबा
माझा मुलगा खासगी शाळेत २५ टक्क्यांत लागला आहे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ खाली राखीव जागेवर बिनफीचा प्रवेश. ज्यांना लागू होतं त्यांनी अर्ज जरूर करा. दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची अट एक लाखाची आहे, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत शासनाने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर खासगी शाळेला यातून सूट दिली होती. त्या वर्षी आमच्या गल्लीतले सगळे पालक हवालदिल झाले होते. उच्च न्यायालयाने जुलैमध्ये ती अधिसूचना रद्द केली.

मुलगा आनंदात आहे, शिक्षिका भेदभाव करत नाहीत. पण सहल, प्रकल्प, वाढदिवसाच्या भेटी, हे सगळं आपल्यालाच बघावं लागतं. आणि ही सवलत आठवीपर्यंतच आहे. नववीची फी भरायची तयारी आत्तापासून करतो आहे. हे कोणी आधी सांगत नाही म्हणून लिहिलं.

खापरखेडा_एक्सप्रेस
हिंदी पहिलीपासून करणार होते त्याचं काय झालं? ते असेल तर मी तरी राज्य मंडळाकडे बघणार नाही.

कडुनिंब
हिंदीचे ते दोन्ही शासन निर्णय २०२५ च्या जूनअखेर मागे घेतले ना, समिती नेमली.

खापरखेडा_एक्सप्रेस
मागे घेतले, पण परत आणणार नाहीत कशावरून? लहान मुलांवर तीन-तीन भाषा...

व्यवस्थापक
त्रिभाषेवर वेगळा धागा आहे, तिथे बोलू या. इथे पूर्वाताईंचा प्रश्न.

सावली_क
विषयाला थोडं सोडून. मनपाच्या आमच्या शाळेत तान्हा पोळा असा व्हायचा की अख्खी वस्ती यायची. लाकडी बैल कोणाचा मोठा, कोणाचा छोटा, पण ओळ एकच. आता भाचीच्या खासगी शाळेत सगळ्यांना पुठ्ठ्याचे सारखे बैल करायला लावतात आणि फोटो पालकांना पाठवतात. भाची विचारत होती, बैल ओढायचा कधी?

अजनीवाला
तान्ह्या पोळ्याचा बोजारा (पोरांना मिळणारी भेट) मिळत नाही त्या शाळेत टाकूच नये, मी मत बदललं 😄

फळाखडू
मनपा शाळेत शिकवते, सध्या दुसरीचा वर्ग. हा धागा परवापासून वाचते आहे. आमच्याबद्दल इतकं आपुलकीने कोणी लिहिलं की बरं वाटतं, म्हणून जे आहे ते सांगते.

माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे पालक कळमन्याच्या बाजारात हमाली करतात, बांधकामावर जातात, घरकाम करतात. हुशार मुलं आहेत. पण काही जण हंगामात गावी जातात आणि महिना-महिना येत नाहीत. परत आली की त्यांना तिथून उचलावं लागतं. त्यामुळे एकाच वर्गात कोणी गोष्ट वाचतं, कोणी काना-मात्रेवर अडलेलं असतं. ज्यांची मुलं रोज येतात आणि ज्यांच्या घरी कोणी दप्तर उघडून बघतं, ती मुलं कुठल्याही शाळेच्या बरोबरीने वाचतात. हे मी छातीठोकपणे सांगते.

खिचडीबद्दल लोक विचारतात. प्राथमिकच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, असं प्रमाण ठरलेलं आहे. माझ्या वर्गातल्या काहींचं दिवसातलं पहिलं जेवण तेच असतं. तुमच्या मुलीने खाल्लं नाही तरी चालेल, पण पंगतीत बसू द्या.

आता खरा मुद्दा, जो पालकांना कोणी सांगत नाही. शाळेत शिक्षक किती मिळणार, ते पटावर ठरतं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी कोष्टक आहे: ६० पर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक, ६१ ते ९० तीन, ९१ ते १२० चार, १२१ ते २०० पाच. ३० मुलांमागे एक शिक्षक, हे ऐकायला फार छान वाटतं. पण चौथीपर्यंतच्या शाळेचा पट ५५ असेल तर चार वर्गांना मिळून दोनच शिक्षक, म्हणजे एका बाईकडे दोन वर्ग. कायदा पूर्ण पाळूनही असंच होतं. कडुनिंब यांनी बदलीनंतरचं जे लिहिलं, तसं लहान पटाच्या शाळेत बदली नसतानाही रोजच असतं. राज्याच्या संचमान्यतेत (शाळेला किती पदं द्यायची ते ठरवताना) यातही कमी-जास्त होतं, आणि पट घसरला की पद जातं, शिक्षक अतिरिक्त ठरून दुसरीकडे जातो.

म्हणून शाळेत गेलात की आधी पट विचारा. ९० च्या वर असेल आणि शिक्षक हजर असतील, तर निर्धास्त घाला. ४० असेल तर बाई कितीही गुणी असल्या तरी त्यांचा अर्धा वेळ तुमच्या मुलीचा नाही.

आणि याची दुसरी बाजूही बघा. परवडणारे एकेक करून गेले की पट कमी होतो, मग शिक्षक कमी होतात, मग उरलेल्यांचं शिक्षण खालावतं आणि त्याकडे बोट दाखवून आणखी चार जण जातात. मी सेवेत लागले तेव्हापासून हे डोळ्यांनी बघते आहे. आम्ही उन्हाळ्यात पट वाढवायला दारोदार फिरतो, नागपूरच्या मे महिन्यात. दहा घरांतून एक नाव मिळतं.

अजनीवाला
बाई, तुमच्या कामाला सलाम. तरी विचारतो, शाळेचा पट वाढावा म्हणून आपलं लेकरू पाठवायचं काय? आई-बापाने पहिले आपलं लेकरू पाहावं.

फळाखडू
दादा, आधी आपलंच बघायचं. मी पट त्यासाठीच विचारायला सांगितला.

निळी_पहाट
शाळा व्यवस्थापन समितीचंही लिहा ना बाई. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. माझी आई त्या समितीत होती, तेव्हा मुलींच्या शौचालयाला दार लागलं. पण निवेदन कसं लिहायचं हे कळायला तिला शेजारच्यांकडे जावं लागायचं. पूर्वाताईंसारखी हिशेब येणारी बाई समितीत असेल तर अनुदानाचा पै-पै विचारला जाईल.

मानेवाड्याची_पूर्वा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल आमच्याजवळच्या मनपा शाळेत परत जाऊन आले, यावेळी नवऱ्याला घेऊन.

पट ८६. शिक्षक तीन, मुख्याध्यापिका धरून. पहिलीच्या बाई बऱ्याच वर्षांपासून तिथेच आहेत. तिसरी-चौथी एकत्र बसते. नवऱ्याने दुसरीतल्या एका मुलाला भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला, त्याने घडाघडा वाचून वर "काका, तुम्हाला येतं का?" असं विचारलं. नवरा हसला, पण तिसरी-चौथीचं ऐकून परत गंभीर झाला.

बेसा रोडच्या शाळेतही सीताफळताईंचा प्रश्न विचारला. गेल्या वर्षीच्या पहिलीच्या दोन्ही मॅडम नाहीत. महालच्या शाळेत सेमी-इंग्रजीची तुकडी विनाअनुदानित आहे, तिला फी आहे, आणि रोज मेडिकल चौकातून तिला न्यायचं-आणायचं म्हणजे माझं काम बुडणार.

मला पहिली-दुसरी मनपात, मग तिसरीला बघू, असं वाटतंय. नवऱ्याची एक शंका खरी आहे: नंतर खासगीत जायचं ठरलं तर जागा मिळेल का?

आकडेमोड
ही शंका रास्त आहे. कायद्याच्या कलम ५ प्रमाणे मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. विनाअनुदानित खासगी शाळा त्यात येत नाहीत. म्हणजे खासगीतून मनपात केव्हाही येता येतं, उलटा प्रवास त्या शाळेतल्या रिकाम्या जागेवर. तिसरीला सीबीएसईत जायचंच असेल तर इंग्रजी वाचन आणि गणिताच्या इंग्रजी संज्ञा घरी दोन वर्षं करून घ्या. तिसरीला अनुदानित शाळेत जाणं त्यामानाने सोपं.

कडुनिंब
आमचं तसंच झालं. इंग्रजीसाठी रोज वीस मिनिटं पुरतात, पण रोज.

सावली_क
पट ८६ म्हणजे ९१ ला पाच कमी. मी हुडकेश्वरला राहते, माझा भाचाही यंदा पहिलीला आहे आणि बहीण अजून कुठेच नाव घालून बसलेली नाही. तिला हा धागा पाठवला आहे. पूर्वाताई, शाळेचं नाव निरोपात कळवाल का? ती बघायला येईल. घालेलच असं नाही, पण बघेल.

मानेवाड्याची_पूर्वा
कळवते आत्ताच. फळाखडूबाई, पदासाठी कोणत्या तारखेचा पट धरतात? आणि नाव घालायला काय-काय लागेल? केजीचा दाखला मागतात का?

फळाखडू
संचमान्यतेला ३० सप्टेंबरचा पट धरत आले आहेत, आणि मुलांची आधार नोंद बरोबर असावी लागते, नाव-जन्मतारीख जुळत नसेल तर ते मूल मोजणीत अडकतं. म्हणून आधार आत्ताच तपासून घ्या. पहिलीला केजीचा दाखला लागत नाही. जन्मदाखला, आधार, दोन फोटो, बँक खात्याची झेरॉक्स. ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होत असतील तर वयाची अडचण नाही. जन्मदाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही, हे सावलीताईंच्या बहिणीलाही सांगा. पुस्तकं पहिल्या आठवड्यात मिळतात. विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, पण नाव एप्रिलमध्येच घाला, म्हणजे बाईंना वर्ग किती मोठा होणार ते कळेल. आणि तुमच्या मिस्टरांना घेऊन एकदा तिसरी-चौथीच्या वर्गात तासभर बसा. मुख्याध्यापिकांना आधी विचारून ठेवा, नाही म्हणणार नाहीत.